बारीक आवाजांचा माणूस

माझा भाऊ मुकुंद बाविस्कर गेली एकतीस वर्षं मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात पॉवर प्रेस चालवतो. पत्र्याचा तुकडा साच्याखाली सरकवायचा, पायाने पेडल दाबायचं, वरून दणका बसतो आणि पंख्याचं एक झाकण तयार होऊन पडतं. असे दिवसाला अडीच-तीन हजार दणके. आता या माणसाचं आयुष्यातलं सगळ्यात मोठं सुख कुठलं असेल? कुणीतरी शेजारी बसून सुपात तांदूळ निवडावेत आणि याने ते ऐकत बसावं. मी थट्टा करत नाही. थट्टा मी चाळीस वर्षं केली, तिचा आता मला वीट आला आहे.

आम्ही मूळचे भुसावळकडचे. वडील रेल्वेत होते, प्रतापनगरला, म्हणून आमचा जन्म बडोद्याचा. क्वार्टरच्या ओट्यावर आई दुपारी सूप घेऊन बसली की दादा खेळ टाकून तिच्याजवळ यायचा. तांदळातून बोट फिरायचं, खडा बाजूला सरायचा, सूप हलकेच झटकलं जायचं. याचे डोळे अर्धे मिटायचे, तोंड किंचित उघडायचं. आईला वाटायचं पोराला झोप आली. झोप नव्हती. त्याला सरसर यायची.

सरसर हा शब्द त्याचाच. दुसरा कुठला बसत नाही म्हणायचा. शिरशिरी थंडीने येते, झिणझिण्या पाय आखडल्यावर येतात, आणि हे त्यातलं काहीच नव्हतं. मानेच्या मागे, केस संपतात तिथे, आधी थोडं कोमट लागायचं. मग तिथून काहीतरी बारीक बारीक पाठीवर उतरायचं, खांद्यांवरून दंडात जायचं. कुणी हाक मारली की जायचं. आवाजच हवा असंही नव्हतं. शेजारच्या कांताबेन पलंगावर साड्यांच्या घड्या घालायच्या, एकेक निरी सरळ करत, तेवढं दारातून नुसतं पाहिलं तरी पुरे. लहेरीपुऱ्याच्या शिंप्याने पाठीवर टेप धरली, खडूची रेघ ओढली, की हा खांबासारखा उभा. एकदा माप घेऊन झालं, शिंपी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला, तरी हा डोळे मिटून तिथेच. वडिलांनी भर दुकानात कानाखाली दिली.

हे सगळं त्याने फक्त मला सांगितलं होतं. तो बारा वर्षांचा, मी आठची. मी काय केलं? दिवाळीला सगळे काका-मामा जमले होते, फराळ चालला होता, आणि मी टाळ्या पिटत सांगून टाकलं, दादाला शिंप्याने हात लावला की गुदगुल्या होतात. हसून हसून लोकांच्या ताटातला चिवडा सांडला. एका मामाने तर उठून त्याच्या पाठीवर बोट फिरवून दाखवलं. वडिलांनी दुसऱ्या आठवड्यात त्याला रेल्वेच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी 'नसांची कमजोरी' म्हणून बी-कॉम्प्लेक्सच्या लाल गोळ्या लिहून दिल्या आणि त्याने त्या सहा महिने मुकाट्याने खाल्ल्या. त्यानंतर घरात त्याने हा विषय काढला नाही. ते पाप माझं आहे. लहान होते वगैरे सबबी मला माहीत आहेत, त्या मीच मला देऊन पाहिल्या.

आयटीआय झाल्यावर तो या कारखान्यात लागला. पहिल्या दिवशी घरी आला तेव्हा कानात बोटं घालून बसला होता. मला वाटलं, महिनाभरात सोडेल. पण त्याने एक शोध लावला. दिवसभर दणके खाल्ल्यावर संध्याकाळी घरी आलं की बारीक आवाज जास्त गोड लागतात, असा. वर्तमानपत्राचं पान उलटणं, कपाटात आईच्या बांगड्यांचा डबा सरकणं. "उपाशी माणसाला भाकरी लागते ना, तसं गं अहल्या," तो म्हणाला होता. मी म्हटलं, दादा, तुला चांगल्या डॉक्टरची गरज आहे. हेही मी म्हटलेलं आहे.

कारखान्यात कानात घालायला फोमचे पिवळे बोळे मिळत. कुणीच घालत नसे. बाकीचे आळसाने घालत नसत, दादाचं कारण वेगळं होतं. साचा तडकायच्या आधी प्रेसचा आवाज किंचित बदलतो. दणक्याच्या शेपटाला एक बारीक किरकिर येते. ती शंभरातल्या नव्वद जणांना कळत नाही, दादाला कळायची. त्याने वेळेवर प्रेस थांबवून किती साचे वाचवले आणि किती जणांची बोटं, याची गणती नाही. त्यांचे फोरमन भास्करराव शिर्के बाहेरची माणसं आली की त्यांना दादासमोर आणून उभे करायचे आणि म्हणायचे, "हे आमचे मुकुंदराव. मशीन आजारी पडायच्या आधी यांना कळतं." ज्या कानांपायी लहानपणी थप्पड खाल्ली त्याच कानांचं हे कौतुक. बोळे घातले तर ती किरकिर ऐकू येणार नाही, म्हणून त्याने एकतीस वर्षं बोळे घातले नाहीत. मूर्खपणा आहे, पण त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

मंदावहिनी घरात आली ती खणखणीत आवाज घेऊन. मनाने चांगली, पण हळू बोलणं तिला जमत नाही. लग्नाला नवे दिवस होते, ती तांदूळ निवडायला बसली की नवरा शेजारी येऊन बसायचा, काही बोलायचा नाही, नुसता बसायचा. वहिनी लाजायची. माहेरी पत्र लिहिलं तिने, की हे फार प्रेमळ आहेत, मला डोळ्यांआड होऊ देत नाहीत. मग एकदा ती सूप ठेवून त्याच्याशी बोलायला लागली, तर हा म्हणाला, "थांबू नकोस ना, निवड." वर्षभरात तिला उमगलं की तो तिच्याजवळ बसत नाही, तांदळाजवळ बसतो. पुढच्या महिन्यापासून घरात निवडलेल्या तांदळाची पिशवी यायला लागली. ती भांडली नाही, रडली नाही. तिने फक्त सूप माळ्यावर टाकलं.

मग दादा रविवारी माझ्याकडे यायला लागला. मी सुभानपुऱ्यात, त्याच्या घरापासून दोन इमारती पलीकडे राहते, गुजराती शाळेत शिकवते. मी तांदूळ निवडायला घ्यायचे. माझेही तांदूळ निवडलेलेच असायचे. मी डब्यातले काढून पुन्हा निवडायचे. त्याला ते माहीत होतं, मला ते माहीत होतं, आम्ही दोघं त्याबद्दल कधी बोललो नाही. दिवाळीतल्या त्या शहाणपणाचं मी हे एवढंच प्रायश्चित्त घेतलं.

सातआठ वर्षांपूर्वी असाच एका रविवारी तो म्हणाला, "तांदूळ पूर्वीसारखे राहिले नाहीत." पुढे कधीतरी म्हणाला, हल्ली वर्तमानपत्राचा कागदही हलका वापरतात, पान उलटलं तरी काही वाटत नाही. एकदा म्हणाला, "सरसर आटली वाटतं, अहल्या." मी सूप हलवत म्हटलं, "पन्नाशीला आलास. आता किती दिवस बाळासारखी पाठ खाजवून घेणार?" तो हसला. दोघांनाही वाटलं, वय झालं की जसं बाकीचं जातं तसं हेही गेलं. कानाचं नाव आम्हा दोघांपैकी एकाच्याही मनात आलं नाही. साचा तडकणार हे जो ऐकून सांगतो त्याच्या कानांवर कोण संशय घेणार?

आता त्या तपासणीबद्दल सांगते. परदेशातल्या कुठल्या गिऱ्हाइकाने अट घातली म्हणून बारा वर्षांपूर्वी कारखान्यात कामगारांचे कान तपासायला सुरुवात झाली. दर नोव्हेंबरात एक गाडी येऊन कॅन्टीनच्या मागे उभी राहायची. आत डब्यासारखी एवढीशी बंद खोली, काचेची एक खिडकी, हेडफोन, हातात एक बटन. बारीक शिट्टी ऐकू आली की बटन दाबायचं. फक्त प्रेसवाल्यांचीच तपासणी, पॅकिंग आणि स्टोअरवाल्यांची नाही. तपासायला अवनीबेन म्हणून एक बाई होत्या.

नोव्हेंबरातल्या त्या दिवशी दादा इस्त्रीचा शर्ट घालून कामावर जायचा. प्रेसवर, जिथे संध्याकाळपर्यंत शर्टाचं पोतेरं होतं! वहिनीच्या हे लक्षात आलं, तिने चौकशी केली, बाई असल्याचं कळलं आणि घरात आठ दिवस भांडी आपटली. मला मध्यस्थी करायला बोलावलं. खरं सांगायचं तर मलाही संशय आला होता. मी दादाला गच्चीवर गाठलं आणि सरळ विचारलं. तो गडबडला, मग म्हणाला, "ती दिसायला कशी आहे हे मला धड सांगतासुद्धा येणार नाही. ती हेडफोन लावते ना, दोन्ही हातांनी, अगदी सावकाश. आणि कानाजवळ वाकून म्हणते, 'अवाज आवे एटले बटन दबावजो, हं.' बस. एवढंच. वर्षातून एकदा." घरातली सगळी सरसर आटली होती आणि त्या डब्यात ती अजून यायची. मी वहिनीला जाऊन सांगितलं, तसं काही नाही. वहिनी म्हणाली, "तसं असतं तर मला कळलं तरी असतं, ताई. हे काय आहे तेच मला कळत नाही." मला तिची दया आली.

गेल्या वर्षीच्या दिवाळीत त्याचा मुलगा तन्मय पुण्याहून आला होता. जेवणानंतर त्याने मोबाइलवर काहीतरी काढलं आणि म्हणाला, "बाबा, तुम्ही मागे आत्याला सांगत होतात ना, ते हेच का बघा." कुठलीशी मुलगी माइकजवळ तोंड नेऊन कुजबुजत होती, कागद चुरगाळत होती, लाकडाच्या फळीवर नखं वाजवत होती. एक जण नुसते टॉवेल घडी करत होता. आणि ते लाखो लोकांनी पाहिलेलं. खाली लोकांनी लिहिलं होतं, मानेमागून पाठीपर्यंत जातं, लहानपणी शाळेत बाई वही तपासायच्या तेव्हा यायचं. मी चष्मा लावून दादाला एकेक वाचून दाखवलं, मोठ्याने. या गोष्टीला नाव आहे, तिच्यावर संशोधन चाललं आहे, असंही तन्मय म्हणाला.

दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्रेपन्न वर्षांचा माणूस. "म्हणजे मी खुळा नव्हतो," तो म्हणाला. मला त्या क्षणी जमिनीत जावंसं वाटलं.

तन्मयने त्याच्या कानांना हेडफोन लावले. दादा डोळे मिटून थांबला. मग डोळे उघडून म्हणाला, "लाव ना." तन्मय म्हणाला, लावलंय. आवाज वाढवला. आणखी वाढवला. शेवटी इतका की चार हातांवर बसलेल्या मला ती कुजबुज ऐकू यायला लागली, तापल्या तव्यावर पाणी टाकल्यासारखी. दादा मोबाइलकडे बघत होता. "ओठ हलतायत तिचे," तो म्हणाला. "आवाज कुठाय?"

कानाच्या डॉक्टरकडे मी त्याला घेऊन गेले. डॉक्टर तरुण होते, नीट बोलले. कागदावर एक रेघ काढून दाखवली. अर्ध्या कागदापर्यंत ती बरी चालली होती आणि मग कड्यावरून पडावी तशी खाली गेली होती. म्हणाले, गोंगाटात काम करणाऱ्यांचे आधी बारीक आवाज जातात. कुजबुज, कागद, पाखरं, स आणि श. जाड आवाज राहतात म्हणून माणसाला वाटतं आपल्याला ऐकू येतंय. गेलं ते परत येणार नाही. उरलंय ते वाचवायचं तर प्रेस सोडायला हवा. आणखी वर्ष-दोन वर्षं तिथे काढली तर बोलणंही कळणार नाही. "आठ वर्षांपूर्वी कळलं असतं तर पुष्कळ वाचलं असतं," ते म्हणाले. "कंपनीत दर वर्षी तपासणी होते ना?"

दादाने पिशवीतून फाइल काढली. अकरा वर्षांचे अकरा रिपोर्ट, सगळ्यांवर 'नॉर्मल'. डॉक्टरांनी ते चाळले, दादाकडे पाहिलं. दादा जमिनीकडे बघत होता.

घरी आल्यावर त्याने सांगितलं. ऐकू कमी येणारी माणसं मोठ्याने बोलतात, त्यांना कळत नाही. त्यामुळे त्याची ती गुपित गोष्ट माझ्या जिन्यापर्यंत गेली असणार. पहिली काही वर्षं त्याने सचोटीने बटन दाबलं. मग एका वर्षी बराच वेळ शिट्टीच आली नाही. त्याला वाटलं मशीन बिघडलं. काचेतून पाहिलं तर अवनीबेनचं कोपर हलताना दिसलं. त्या तिकडे काहीतरी दाबत होत्या म्हणजे शिट्टी वाजत होती. त्याने बटन दाबलं. पुढच्या वेळी कोपर हललं, पुन्हा दाबलं. तेव्हापासून दर वर्षी तो त्यांच्या कोपराकडे बघून पास होत होता.

"का?" मी ओरडले. "का रे असं केलंस?"

"फेल झालो तर पॅकिंगमध्ये टाकतात," तो म्हणाला. "पॅकिंगवाल्यांची तपासणी होत नाही."

मला वाटलं होतं, फोरमनसमोरची शान जाईल म्हणून केलं असेल. तेही होतंच, त्याने नाकारलं नाही. पण वर्षातली ती दहा मिनिटं जाऊ नयेत म्हणून या माणसाने कान घालवले. ज्या कानांनी ते सुख मिळायचं तेच कान. मी त्याला वाट्टेल ते बोलले. त्याला किती ऐकू गेलं कुणास ठाऊक. हातवारे पाहून अर्थ त्याने लावला असेल.

दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरांचं पत्र घेऊन कारखान्याच्या ऑफिसात गेलो. तिथले साहेब पीयूषभाई, तिशीचे, हसतमुख. पत्र न वाचताच म्हणाले, "बहारना डॉक्टरनुं नहीं चाले, बेन." बाहेरच्या रिपोर्टवर खातं बदललं तर उद्या सगळेच पत्रं आणतील. कंपनीच्या तपासणीत आलं तर लगेच पॅकिंगमध्ये. नोव्हेंबरात गाडी येईलच. मी वाद घालायला लागले तर दादानेच माझा दंड धरून मला बाहेर आणलं. तोवर तो बोळे घालून काम करत होता, पण त्या दणक्यापुढे बोळ्यांचं काय चालणार? आणि किरकिर ऐकू येईना म्हणून जूनमध्ये त्याच्या हातून पहिल्यांदा साचा फुटला. कुणाला लागलं नाही. भास्कररावांनी पाहुण्यांना दादाकडे आणायचं बंद केलं.

नोव्हेंबर आला. आदल्या दिवशी दादा माझ्याकडे येऊन बसला. "उद्या खरं द्यायचं," तो म्हणाला. मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, कोपराकडे बघू नकोस. त्याने मान हलवली. आयुष्यात त्याने ज्या एका गोष्टीसाठी लबाडी केली होती ती सोडायची होती आणि तीही कायमची, कारण एकदा नापास झाला की ती गाडी नाही, तो डबा नाही, ती बाई नाही. त्या बदल्यात उरलेले कान. माणसांचं बोलणं, वहिनीची हाक, तन्मयचा फोन. सौदा वाईट नव्हता. पण त्याच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. सकाळी वहिनीने स्वतःच्या हाताने त्याच्या शर्टाला इस्त्री करून दिली.

संध्याकाळी तो सरळ माझ्याकडे आला. म्हणाला, "डोळे घट्ट मिटले होते. दहा मिनिटं. सुरुवातीच्या जाड शिट्ट्या सोडल्या तर एकदाही बटन दाबलं नाही." मग म्हणाला, "हेडफोन लावताना तिचे हात कळले. ती वाकलीसुद्धा, श्वास लागला कानाला. बोलली असणार. काही आलं नाही." मी त्याच्यापुढे चहा ठेवला. दुसरं काय करणार होते? निदान आता पॅकिंग मिळेल, एवढं मी त्याला खुणेने सांगितलं.

पंधरा दिवसांनी रिपोर्ट आला. नॉर्मल.

मी तो कागद तीनदा वाचला. नाव बरोबर, बिल्ला नंबर बरोबर, वय बरोबर. दोन्ही कान नॉर्मल, सध्याच्या कामासाठी योग्य, खाली शिक्का. पीयूषभाईंनी त्याच्या पाठीवर थाप मारून म्हटलं होतं म्हणे, "मुकुंदभाई, तमे तो एकदम फिट!" तो मला हे सांगताना गोंधळला होता. त्याला वाटत होतं आपणच काहीतरी चुकलो, झोपेत माणूस हात हलवतो तसं आपण नकळत बटन दाबलं असेल. एवढा भाबडेपणा! माझं डोकं फिरलं.

चौकशी केली तर कळलं की ती गाडी त्या आठवड्यात करजणजवळच्या एका कारखान्यात आहे. शाळेत रजेचा अर्ज टाकला आणि एसटीने करजण गाठलं. गाडी फाटकाजवळच्या झाडाखाली उभी होती. अवनीबेन पायरीवर बसून डबा खात होत्या. पन्नाशीच्या, साध्या, सुती ड्रेस, चष्मा दोरीला बांधलेला. मी भांडायच्या तयारीने गेले होते. मुकुंद बाविस्करची बहीण आहे म्हटल्यावर त्यांनी डबा बंद केला.

"मुकुंदभाई तो छ वरसथी झीणुं कशुं सांभळता नथी," त्या म्हणाल्या. "मने खबर छे."

सहा वर्षांपासून त्याला बारीक काही ऐकू येत नाही हे त्यांना ठाऊक होतं. तो आपल्या कोपराकडे बघतो हेही ठाऊक होतं. तो तसं बघायला लागल्याच्या दुसऱ्या वर्षीच त्यांनी कोपर न हलवता शिट्टी वाजवून पाहिली होती आणि काय ते ओळखलं होतं. मग मी म्हटलं, लिहिलं का नाही? तर म्हणाल्या, हुं तो दर वखते लखुं छुं. दर वर्षी त्या खरी रेघ काढून पाठवत होत्या. या खेपेला तर लाल पेनने लिहिलं होतं. पण रिपोर्ट त्या करत नाहीत. रिपोर्ट गाडीवाल्या कंपनीच्या ऑफिसात होतो आणि ते ऑफिस सगळ्यांनाच नॉर्मल लिहितं, कारण ज्या कारखान्यात चार माणसं नापास होतात तो कारखाना पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीची गाडी बोलावतो. त्यांनी दोनदा वर सांगून पाहिलं. घरात आजारी सासू आहे, नोकरी सोडता येत नाही. हे सगळं त्या इतक्या हळू, इतक्या मऊ आवाजात सांगत होत्या की मला नीट ओरडताही येईना. परतीच्या बसमध्ये मला स्वतःचाच राग आला.

म्हणजे हे असं होतं. दादा सात वर्षं कोपराकडे बघून दाबत होता ते कुणी मोजतच नव्हतं. पहिल्याच वर्षी त्याने हात जोडून सांगितलं असतं की मला काही ऐकू येत नाही, तरी त्याला नॉर्मलच म्हटलं असतं. आणि दुसऱ्या बाजूने, वर्षभर तो स्वतःला चोर समजत होता, मी त्याला चोर ठरवलं होतं, वहिनीने मान खाली घातली होती, ती चोरी मुळात झालीच नव्हती.

घरी पोचले तेव्हा दादा माझ्या दारातच खुर्ची टाकून बसला होता. हे त्याला सांगायचं की नाही, याचा विचार मी सगळ्या वाटेवर केला होता. सांगायचं ठरवलं. पण सांगायचं म्हणजे ओरडायचं. पहिल्या दोन वेळी त्याला कळलं नाही. तिसऱ्या वेळी मी त्याच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन एकेक शब्द फेकला. तिला. माहीत. होतं. ती. खरं. लिहायची. वर. कुणी. वाचत. नव्हतं. समोरच्या खिडकीतून कुणीतरी डोकावलं.

तो चिडेल असं मला वाटलं. चिडावा असं फार वाटत होतं. मी उद्या कामगार अधिकाऱ्याकडे जायचं, अर्ज करायचा, वकील बघायचा हे सगळं मनात जुळवून आले होते आणि त्याने नुसतं हो म्हणायचं होतं. तो बराच वेळ पायाच्या अंगठ्याने फरशी घासत बसला. मग लाल झालेल्या तोंडाने, त्याच्या मते हळूच, म्हणाला, "मी कोपराकडे बघायचो ते तिला दिसत होतं?"

मी मान हलवली.

"तुझ्याशी बोलली ती?"

"हो."

"किती वेळ?"

मी बोटांनी दाखवलं, अर्धा तास.

तो खुर्चीत पुढे सरकला. चोपन्न वर्षांच्या त्या तोंडावर जे आलं ते मी कधी विसरणार नाही. शरम होती, आणि शरमेपेक्षा मोठी हाव होती. "आवाज कसा होता गं?" तो म्हणाला. "तसाच आहे का अजून? हळू?"

मी सगळ्या ताकदीनिशी ओरडले, "तसाच आहे, दादा! तसाच हळू आहे!"

त्याने डोळे मिटले आणि थोडा वेळ तसाच बसून राहिला. मग डोळे उघडून म्हणाला, "नाही येत." उठला, खुर्ची आत आणून ठेवली. अर्जावर सही करायला तो तयार झाला नाही, निवृत्तीला चार वर्षं राहिलीत, कशाला उगाच, म्हणाला. सोमवारी सकाळी सातच्या बसने प्रेसवर गेला.